दुसरी चाबी नदीत पडली

३ ऑक्टोबर

पहिलेच सांगून टाकतो. बाइकची दुसरी चाबी नदीत पडली नाई. माझ्याजवळ आहे. बॅटच्या दांड्यावरचं रबर खाली सरकवलं, चाबी खोसली आन् रबर वापस चढवलं. कोणाले माहीत नाई. आता तुले माहीत झालं, तू जो कोणी हे वाचून राहिला. रुचिता दीदी, तू असशील तर मेहरबानी कर, डायरी होती तिथं ठेव.

ही डायरी विम्याच्या एजंटनं बाबाले देली होती. मागच्या सालची आहे, छापलेले वार सगळे चुकीचे. तू वार पाहू नको, तारीख पाह.

झालं असं. काल आमची बाइक गेली आन् कार आली. मी आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या पोट्ट्याईले आठ दिवसांपासून सांगून ठेवलं होतं, आपल्याकडे कार येऊन राहिली. आन् आली काय, तर पिवळ्या नंबरप्लेटची जुनी टॅक्सी! मागच्या काचेवर कोण्या ट्रॅव्हल्सचं नाव खरवडलेलं, तरी वाचता येते. गौतम म्हणे, "इंद्रजीत भैया, रेल्वे स्टेशन चलोगे क्या?" त्याच्या चपला मी नालीत टाकल्या.

बाइक माझ्या जन्माच्या वर्षीची होती. काळी, टाकीवर लाल पट्टा. तिचं सेल्फ कधीच मेलं होतं, नुसती किक. आन् किकही अशीतशी नाई. पहिले अर्धी दाबाची, सोडाची, एक श्वास थांबाचं, मंग पूरा पाय. बाहेरच्या माणसाले ती चालूच होत नव्हती. बाबा म्हणत, तिले कुलपाची गरज नाई. पण उन्हाळ्यापासून बाबानं स्वतः किक मारणंच सोडलं. रोज सकाळी हाक, "इंद्र्या, किक मार." मी गादीतून उठून, डोळे मिटलेले, किक मारून वापस झोपो. मले वाटे, बुढा साहेब झाला.

जुन्या गाड्याईच्या बाजारातला तो निरंजन भैया, त्यानं बाइक ठेवून घेतली, वरून बाबाचे पैसे, आन् टॅक्सी देली. विचारलं, "काका, दूसरी चाबी?" बाबानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती तर महादेव घाटावर पाण्यात पडली, मांगच." माझ्या तोंडून खोटं असं निघते जशी नळाले धार.  बाबा त्याले म्हणाले, "लड़का बोलता है गिर गई, तो गिर गई."

निरंजन भैयानं बाबाच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर घेतल्या. "नया ग्राहक मिलने पर सीधा उसके नाम चढ़ा देंगे काका, सब ऐसाच करते हैं." बाबानं केल्या.

काहून ठेवली चाबी? माहीत नाई. हातात होती, ठेवली.

७ ऑक्टोबर

बाबा मले कार शिकवून राहिले. स्वतःले पूरी येत नाई, दगड दळाच्या फॅक्टरीत कामाले आहेत, तिथं कधी कधी मालकाची जीप सरकवली तेवढीच. पण बाजूच्या सीटवर बसून असे सांगतात जसे विमानाचे पायलट. "क्लच. क्लच म्हटलं ना. क्लच बे!"

मी मैदानात गाडी एका गाईच्या एवढ्या जवळ नेऊन थांबवली की गाईनं काच चाटली. बाबा हसले. हसता हसता खोकला लागला तर थांबेच ना. मी पाठीवर हात मारला, पाठ अशी लागली जशी टीनाची पेटी.

मी विचारलं, "टॅक्सीच काहून घेतली? साधी कार घ्याची ना."

म्हणाले, "साधी कार पेट्रोल पिते. ही रोटी देईन. लायसन बनव. मंग पोलीस व्हेरिफिकेशन होईन, मंग मोबाइलच्या अॅपवर लावू. फक्त नाव साफ पाहिजे. एक रिपोर्ट असली ठाण्यात की फॉर्म वापस येते."

"मी थोडीच टॅक्सी चालवणार."

"बरं," म्हणाले. "तरी शीक."

१३ ऑक्टोबर

अरे वा वा वा! बाइक दिसली!

मी चौबे कॉलोनीत मोबाइलच्या कव्हरच्या दुकानात बसतो. दुपारी समोरच्या होस्टेलखाली ती उभी. मागे लोखंडाचा जंगला ठोकलेला, त्यात डबे. टाकीवरचा लाल पट्टा तसाच. माझा जीव असा झाला जशी घरची म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात पाहिली.

नवीन मालक लोकेश. मजबूत माणूस, तिशीचा असन, पुरानी बस्तीत राहते, बायको घरी स्वयंपाक करते, हा होस्टेलच्या पोट्ट्याईले डबे पोचवते. डबे घेऊन तो वर चढला की तिन्ही माळ्यावर वाटता वाटता खाली याले वेळ लागते.

उद्या बॅट घेऊन जातो.

१४ ऑक्टोबर

केलं! लोकेश वर चढला, मी आरामात गेलो, चाबी लावली, हँडल खोललं आन् बाइक ढकलत पलीकडच्या गल्लीत नेऊन लावली. चालूही नाई केली. मंग दुकानात येऊन कव्हर पुसत बसलो.

तो खाली आला. पाहिलं. वर पाहिलं, जशी गाडी झाडावर असन. धावत इकडे, धावत तिकडे. मले इथल्या बोलीत विचारलं, "भैया, मोर गाड़ी देखे हस?" मी म्हटलं, "उधर देखो, उधर ही तो लगाए थे." भेटली तेव्हा तिच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला, जसा पोराचा ताप पाहते.

पोट धरून हसलो. संध्याकाळी घरी सांगावं वाटे, पण सांगणार कसं.

१९ ऑक्टोबर

आज तिचं तोंड उलटं करून ठेवलं, त्याच जागेवर. ही जास्त भारी. हरवली तर माणूस चोर म्हणते. वळली तर काय म्हणन?

लोकेश घामाघूम. चहावाल्याले सांगून राहिला, "ए गाड़ी मं कुछु हे भैया. मैं अइसे खड़ा करथंव, वो वइसे हो जाथे. जुन्ना मालिक मर गे होही, ओकरे जीव अटके हे."

मी विचारलं, "कौन था मालिक?"

"कागज मं दयाराम लिखे हे. अभी मोर नाव नइ चढ़े हे."

मी चहा नाकातून सांडला.

पण घरी येताना ते 'मर गे होही' डोक्यात घुमत राहिलं. घरी पाहिलं तर बाबा आंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते. मस्त जिवंत. एक शेंग सोलाची, थांबाचं. एक सोलाची, थांबाचं.

२२ ऑक्टोबर

लोकेशनं बाइकले लिंबू-मिरची बांधली. मी लिंबू सोडवून घरी आणलं आन् पोह्यावर पिळलं. आपण बाबासाहेबाचे लोक, आपल्याले काय होते. आईनं विचारलं, लिंबू कुठून आणलं? म्हटलं, फुकट भेटलं. बाबाले दोन घास गेले नाई. आईनं त्याईची बशी माझ्यापुढं सरकवली. मी खाल्ली.

३० ऑक्टोबर

बाबा आठवड्यापासून घरीच आहेत. म्हणतात सुट्टी शिल्लक होती. बेल्टले त्याईनं खिळ्यानं नवीन भोकं पाडली, बेल्टचं शेपूट आता कमरेच्या मागं जाते. मी म्हटलं, बाबा हिरो झाले.

रुचिता दीदी पॅथॉलॉजीत कामाले आहे. तिनं कपाटावर एक मोठं पाकीट ठेवलं, एक्स-रेचं. मी हात लावला तर ओरडली, "रख वापस! तेरे काम का नहीं है." दीदी माझ्याशी हिंदीतच बोलते, पण भांडताना तिचा आवाज असा कधी फाटत नाई.

आई म्हणे, "तिले काम जास्त आहे, तू नोको बोलू."

बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "सकाळी गाडीचा आवाज नाई येत. वाटते दिवस चालूच नाई झाला." मी म्हटलं, टॅक्सीचा हॉर्न वाजवू का? म्हणाले, "ते हॉर्न आहे बे. ते म्हणजे... जाऊ दे."

१० नोव्हेंबर

लायसन भेटलं. टेस्टच्या वेळी साहेबानं विचारलं, इंडिकेटर काहून लावतात? मी म्हटलं, मांगच्याले समजावं का हा आता काहीतरी मूर्खपणा करणार. साहेब हसला, पास.

घरी बाबानं लायसन हातात घेतलं, माझा फोटो अंगठ्यानं पुसला. खोवा जलेबी आणली होती दीदीनं. सगळ्यायनं खाल्ली. बाबानं माझ्याच तोंडात घातली, रस शर्टावर. म्हणाले, "आता व्हेरिफिकेशनचा फॉर्म भर. डिसेंबरात माणूस येईन विचाराले. तोवर एक महिना माणसासारखा राहा. जमन?"

"हव."

"नदीत काही टाकू नको."

मी चाट पडलो. पण ते तेवढंच म्हणाले आन् डोळे मिटले.

१४ नोव्हेंबर

घरात मशीन आली. लहान फ्रिजसारखी. तिच्यातून नळी निघते, ती बाबाच्या नाकात. दिवसभर घर्र, घर्र. दीदीनं मले मागच्या दाराशी नेऊन सांगितलं. हिंदीत नाई, मराठीत. म्हणे, बाबाच्या फुप्फुसात फॅक्टरीतल्या त्या दगडाची भुकटी बसली आहे, सिमेंटसारखी. ती निघत नाई. डॉक्टरनं उन्हाळ्यातच सांगितलं होतं. बाबानं शपथ घातली होती, इंद्र्याले सांगू नका, त्याचं लायसन होऊ द्या पहिले.

उन्हाळ्यात. म्हणजे तेव्हापासून किक बंद.

आन् मी म्हणो साहेब झाला.

मी काही रडलो-बिडलो नाई. बॅट घेऊन मैदानात गेलो, पण खेळलो नाई. रबरातून चाबी काढली, पाहिली, वापस घातली.

रात्री जेवताना बाबा मशीनकडे बोट दाखवून म्हणाले, "आवाज बाइकसारखा आहे, पण पिकअप नाई."

आई उठून आत गेली.

१६ नोव्हेंबर

आज ते केलं.

मस्करी म्हणून नाई. म्हणजे थोडीशी मस्करीही. मले वाटलं बाबाले एकदा आवाज ऐकवू. डबे वाटून होईतो वापस ठेवून देऊ. लोकेश मले ओळखते, म्हणून मी बाबाचं फॅक्टरीचं निळं जॅकेट घातलं, बाबाचंच जुनं हेल्मेट, काच खाली. आरशात पाहिलं तर बाबाच. वाटलं, काय डोकं आहे आपलं.

लोकेश वर चढला. अर्धी किक, श्वास, पूरा पाय. एका किकमध्ये चालू. मले ओळखलं तिनं.

पण जंगल्यात अजून डबे भरलेले होते. हे मी अर्ध्या रस्त्यात पाहिलं. तो दुसऱ्या होस्टेलचे डबे गाडीतच ठेवून जात असन. आता वापस जाऊ का पुढं? पुढंच गेलो. उरल्याकडच्या फॅक्टऱ्याईच्या ट्रकाईमधून अशी काढली जशी सुई.

गल्लीत घुसलो, एक्सीलेटर मारलं. आईच्या हातून पातेलं पडलं, ते मी बाहेरून ऐकलं. मंग बाबा दारात. नळी काढून आले होते. एक हात चौकटीले. मी हेल्मेट काढलं, जॅकेट काढून त्याईच्या खांद्यावर टाकलं, थंडी होती. ते हळूहळू आले आन् सीटवर बसले. टाकीवरून हात फिरवला. लाल पट्ट्यावरून. समोरचे पांडुरंग काका गच्चीवरून ओरडले, "काय दयाराम, गाडी वापस घेतली काय?" बाबानं हात हलवला.

मले हळूच विचारलं, "चाबी कुठं होती?"

"नदीत."

ते हसले. असे हसले की मले वाटलं, एवढ्यासाठीच आपण जन्मलो. मंग खोकला, आन् रुमालावर लाल.

जंगल्याकडे पाहिलं त्याईनं. एक डबा उघडून पाहिला. वरण-भात, गरम. चेहराच बदलला.

"हे कोणाचं आहे?"

मी सांगितलं.

"पोट्टे उपाशी बसले असन. वापस ने. आत्ता. आन् त्याले सांग, चुकलं म्हणून. सांगशील?"

"हव."

नेली. पण चौबे कॉलोनीच्या तोंडाशी पाहिलं तर होस्टेलखाली गर्दी, मधात लोकेश, बाजूले पोलीसवाला, आन् दुकानदार कॅमेऱ्याचं काहीतरी दाखवून राहिला.  बाइक पहिल्याच मोडावर उभी केली, डब्यासकट, आन् चालत सुटलो. बाबाले येऊन सांगितलं, देली. माफी मागितली. तो म्हणाला काही हरकत नाई.

बाबा म्हणाले, "शाबास."

हे सगळ्यात वाईट आहे.

१८ नोव्हेंबर

सकाळी पोलीस आले. "दयाराम मेश्राम कौन है?"

बाइक सापडली होती, लोकेशले भेटलीही. पण त्या दिवशी डबे पोचले नाई म्हणून होस्टेलवाल्यानं त्याचं काम काढून घेतलं. त्यानं रिपोर्ट केली. ठाण्यात नंबर टाकला तर मालक अजून दयाराम मेश्राम. निरंजन भैयानं नाव चढवलंच नव्हतं. वरून कॅमेऱ्यात निळं जॅकेट आन् हेल्मेटवाला माणूस. वरून कुलूप तुटलं नाई, म्हणजे चाबीनं उघडलं. पोलीसवाल्यानं पांडुरंग काकाले विचारलं. काका बिचारे खरं तेच बोलले, "हां साहब, दयाराम बैठा था गाड़ी पे, मैंने देखा."

आई म्हणे, "या माणसाले दारापर्यंत जाता येत नाई!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. 'मी' एवढा शब्द निघाला होता. बाबानं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला माहीत नाई.

"मैं लाया था," बाबा म्हणाले. "पुरानी आदत. दो घंटे में वापस रखने वाला था." आन् माझ्याकडे न पाहता हात पसरला, "इंद्र्या, माझी चाबी आण. बॅटमधली."

त्याईले बॅटचं माहीत होतं. तो हात तसाच पसरलेला राहिला, चाबी आणीपर्यंत.

पोलीसवाला म्हणाला, ठाण्यात यावं लागन. मी टॅक्सी काढली. दीदीनं लहान सिलिंडर मांडीवर धरलं, बाबा बाजूच्या सीटवर. ही आमच्या टॅक्सीची पहिली सवारी. बाबा मधात म्हणाले, "क्लच."

ठाण्यात साहेब मोठा हुशार माणूस. वाईट नाई, हुशार. बाबाले खुर्ची देली, पाणी देलं. मंग म्हणाला, "काका, आप से चला नहीं जा रहा, आप चौबे कॉलोनी से गाड़ी उड़ा के लाए? किसको बचा रहे हो?" आन् माझ्याकडे वळला. "इधर आ बे. नाम क्या है तेरा? हाइट तो कैमरे वाली ही लग रही है." त्यानं पेन उचललं.

लोकेश कोपऱ्यात उभा होता. मी खाली पाहून राहिलो. मी बोलू शकत होतो. तोंडात जीभ होती, तीच जीभ जी नदी-बिदी सगळं बोलते. बोललो नाई. फॉर्म डोळ्यापुढं होता. नाई, फॉर्म-बिर्म नाई. भीती होती.

बाबा उठले. "साहब, गाड़ी कहाँ है?"

"रहने दो काका."

"वो गाड़ी हर किसी से चालू नहीं होती. इनसे पूछो." लोकेशकडे पाहून म्हणाले, "चार-पाँच किक लगती है ना तुमको?"

लोकेश म्हणाला, "हव. कभू-कभू दस."

"मैं एक में करूँगा."

दीदी ओरडली, "बाबा, नहीं!" बाबानं नाकातली नळी काढून तिच्या हातात देली, जशी माणूस चपला काढते. आवारात बाइक लोकेशनं आणून लावली होती. बाबानं चाबी लावली. सीटवर बसले. अर्धी किक दाबली. सोडली. एक श्वास थांबले. तो श्वास किती लांबला, मी सांगू शकत नाई.

मंग पूरा पाय.

चालू झाली. एका किकमध्ये. ठाण्याच्या भिंतीले आवाज लागून डबल झाला. साहेब पाहत राहिला, हातातलं पेन हळूच खिशात गेलं. बाबानं एक्सीलेटरवर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आन् एका बाजूले वाकायले लागले, हळूहळू, जसं स्टँड निसटलेली गाडी वाकते. लोकेशनं धरलं. मी नाई. लोकेशनं.

साहेब ओरडला, "अस्पताल, अस्पताल ले जाओ!" मी टॅक्सी पळवली. कोणता सिग्नल होता, कोणता नाई, काही आठवत नाई. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, एक फुप्फुस फुटलं. फुग्यासारखं.

२३ नोव्हेंबर

बाबा सरकारी दवाखान्यात. छातीत नळी टाकली आहे, ती बाटलीत बुडबुडे करते. बोलत नाई, मास्क आहे.

आज लोकेश आला. डबा घेऊन. रिपोर्ट वापस घेतली म्हणाला. "सियान मनखे हे. गाड़ी के मया रहिस." म्हातारा माणूस आहे, गाडीवर माया होती, असं. बायकोनं मुगाची पातळ खिचडी पाठवली होती. ठाण्यातून निघताना दीदीनं बाइकची चाबी सोबत आणली होती, ती बाबानं उशाखालून काढून लोकेशच्या हातात ठेवली. दुसरी चाबी. लोकेशनं कपाळाले लावली.

मंग दाराशी त्यानं मले विचारलं, "भैया, एक बात. वो गाड़ी सरकाने वाला, उल्टा करने वाला... वो भी येइच थे का? मोर बाई त डर के मारे बैगा बला डरे रहिस." बैगा म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिक.

मी म्हटलं, "हव."

एवढं सोपं निघालं. नळाची धार.

मागं वळून पाहिलं तर बाबाचे डोळे उघडे. त्याईनं ऐकलं होतं. मी वाट पाहिली, मास्क काढतील, काही म्हणतील. त्याईनं मान हलवली. लोकेशकडे पाहून. हव म्हणून.

२८ नोव्हेंबर

सकाळी बाबा गेले.

७ डिसेंबर

लिवावं वाटत नव्हतं.

विहारातले लोक आले, वंदना झाली. फॅक्टरीतून तिघं आले होते, पांढऱ्या भुवयांचे. तिघंही खोकत होते. वंदनेत सगळे शांत बसले की त्या तिघाईचाच आवाज.

पाऱ्यात लोक चांगलंच बोलतात, पण मंग आवाज खाली करून म्हणतात, शेवटी शेवटी दयारामचं डोकं सरकलं होतं, लोकाईच्या गाड्या उचलून आणे. पांडुरंग काका तर रडून सांगतात, "मीच साक्ष देली रे, मीच." मी काकाले पाणी देलं. दुसरं काय देणार?

लोकेशले एका दुसऱ्या होस्टेलचे डबे भेटले. बाइक अजून बाबाच्याच नावावर आहे. आता नाव चढवाले वारसाचे कागद लागतात म्हणे, मी सह्या करतो म्हटलं. पण घाई नाई केली. रस्त्यावर कुठं पोलीसवाल्यानं नंबर टाकला तर अजून दयाराम मेश्रामच निघते. चालून राहिले बाबा, डबे घेऊन.

१९ डिसेंबर

व्हेरिफिकेशनवाला आला. तोच पोलीसवाला, जो त्या दिवशी बाबाले घ्यायले आला होता. आंगणात खुर्ची टाकली. त्यानं पांडुरंग काकाले विचारलं, लड़का कैसा है?

काका म्हणाले, "शरारती था. अब तो मुँह ही नहीं खोलता. लड़का साफ है साहब."

पोलीसवाल्यानं लिवलं. मंग टोपी खाली ठेवून म्हणाला, "इसका कुछ नहीं है रिकॉर्ड में. वो जो था, पिताजी का था. वो भी खतम."

आई दारात उभी होती, हातात चहा. ट्रे ठेवला. म्हणाली, "माझा माणूस चोर नव्हता." मराठीत म्हणाली. पोलीसवाल्याले समजलं नाई, तो "जी, जी" म्हणत बिस्किट उचलत राहिला.

तो गेल्यावर आई कप उचलता उचलता थांबली. "इंद्र्या. त्याईले चाबी कुठं भेटली रे?"

बॅट कोपऱ्यातच होती. रबर अर्धं उतरलेलं, त्या दिवसापासून मी वर चढवलंच नाई. आई बॅटकडे पाहून राहिली होती. माझ्याकडे नाई.

मी म्हटलं, "माहीत नाई."

"बरं," आई म्हणाली. अगदी बाबासारखं.

मंग ती कोपऱ्यात गेली, बॅट उचलली, पदरानं पुसली, रबर वर ओढून ओढून नीट बसवलं आन् बॅट खाटेखाली ठेवून देली.

उद्यापासून गाडी लावतो. अॅपवर माझा फोटो आला, खाली लिवलं आहे 'सत्यापित'. सकाळी पहिली सवारी आईची, विहारात नेतो. क्लच हळू सोडीन.

तू जो कोणी वाचून राहिला, तुझ्या पाया पडतो. दीदी असशील तरी, कोणी अनोळखी असशील तरी. मले चोर म्हण, खोटारडा म्हण, थोबाडीत मार. पण कोणाले सांगू नको. लोकेशले नाई, पांडुरंग काकाले नाई, आईले तर बिलकुल नाई. एकदा सांगितलं की मी मोकळा होईन, आन् बाबानं ठाण्यात मारलेली ती किक वाया जाईन. नको सांगू. हात जोडतो. कोणालेच नको सांगू.